क्लॅपबाईंच्या मागावर: मॉन्टेग्यू ते वुड्स होल

अमेरिकेत भाचीकडे राहायला आलं की नायगारा बघायचाच असा एक अलिखित नियम आहे, तो यंदा मी मोडला. मृण्मयी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला असते, तिथून समुद्र तासा-दीड तासावर, आणि माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक बाई ठाण मांडून बसल्यात, कॉर्नेलिया क्लॅप. मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते. अमेरिकेत समुद्री जीवशास्त्र शिकवणाऱ्यांची जी अगदी पहिली पिढी, त्यातल्या या. जन्म १८४९, गेल्या १९३४ ला. पुस्तकांमध्ये यांना एक ओळ मिळते, तीसुद्धा लुई अगासी आणि चार्ल्स व्हिटमन या दोन दाढीवाल्या प्राणिशास्त्रज्ञांच्या मध्ये कुठेतरी कोंबलेली. म्हणून म्हटलं त्यांच्या गावापासून सुरुवात करून समुद्रापर्यंत जायचं. मृण्मयी म्हणाली, "मावशी, तुला कोण ओळखतं का त्या बाईंच्या घरचं?" मी म्हटलं नाही गं, पण मी ओळखते ना त्यांना.

गुरुवार

सकाळी लवकर निघालो, रूट टू ने पश्चिमेकडे. जून असल्यामुळे दोन्ही बाजूला नुसतं हिरवं, पाऊस न पडता इतकं हिरवं कसं काय असतं हे मला अजून पटत नाही. मॉन्टेग्यू म्हणजे एक चौक, चर्च, लाकडी घरं आणि सॉमिल नदीच्या काठची एक जुनी पिठाची गिरणी, तिथे आता जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. क्लॅपबाई इथल्या. आईवडील दोघंही शिक्षक. समुद्र इथून लांब, टेकड्या आणि शेतं, म्हणजे मासा बघितला असेल तो नदीतलाच. गावात त्यांच्या नावाची पाटी वगैरे काही आम्हाला दिसली नाही, दुकानातल्या मुलीलाही नाव माहीत नव्हतं, पण कॉफी चांगली होती. अर्ध्या तासात मॉन्टेग्यू संपलं.

मग दक्षिणेला साउथ हॅडली, माउंट होल्योक कॉलेज. इथे मात्र अख्खी दुपार गेली. मेरी लायन नावाच्या बाईने १८३७ मध्ये मुलींसाठी ही सेमिनरी काढली, त्यांची समाधी कॉलेजच्या आवारातच आहे, लोखंडी कुंपण घातलेली. फी परवडावी म्हणून स्वयंपाकापासून भांडी-झाडलोटीपर्यंत सगळी कामं मुलींनीच वाटून करायची. कवयित्री एमिली डिकिन्सन १८४७-४८ मध्ये इथे होती, तिच्या वाट्याला सुऱ्या धुवायचं काम आलं होतं. क्लॅपबाई १८७१ ला इथून शिकून बाहेर पडल्या, पेनसिल्व्हेनियात मुलांच्या एका शाळेत वर्षभर लॅटिन शिकवलं, आणि १८७२ ला परत इथेच शिकवायला आल्या. गणित, निसर्गविज्ञान, शिवाय व्यायामाचे तास. शाळेत जे पडेल ते. ज्या कोणी छोट्या गावात ज्युनिअर कॉलेजला शिकवलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, मी पर्यावरण घेतलंय, एनएसएस घेतलंय, एक वर्ष तर स्नेहसंमेलनाचं नेपथ्यसुद्धा माझ्याच गळ्यात होतं.

त्यांच्या नावाची मोठी विटांची इमारत आहे, क्लॅप लॅबोरेटरी, १९२४ ची. त्यामागची गोष्ट अशी की आधीची सायन्सची इमारत, विलिस्टन हॉल, डिसेंबर १९१७ मध्ये जळाली. बाई १९१६ ला रिटायर झालेल्या. म्हणजे चाळीसेक वर्षं नमुने गोळा करायचे, बाटल्या भरायच्या, लेबलं लिहायची आणि रिटायर झाल्यावर वर्ष-दीड वर्षात सगळं राख. त्याच आगीत मिन्यॉन टॅलबट या जिऑलॉजीच्या प्राध्यापक बाईंना १९१० मध्ये सापडलेला छोट्या डायनासोरचा सांगाडा पण गेला, पोडोकेसॉरस त्याचं नाव, आणि मजा म्हणजे २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने त्यालाच राज्याचा डायनासोर म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे राज्यप्राणी शेकरू, निदान तो झाडावर दिसतो तरी.

आवारात एका झाडाखाली बसून घरून आणलेली थालीपीठं खाल्ली आणि मृण्मयीला सगळी वंशावळ सांगितली, कारण ती माहीत नसली तर पुढच्या प्रवासाला अर्थ नाही. इथे लिडिया शॅटक नावाच्या बाई बॉटनी शिकवायच्या, क्लॅपबाईंच्या थोरल्या सहकारी. १८७३ च्या उन्हाळ्यात हार्वर्डच्या अगासींनी पेनिकीज नावाच्या बेटावर शिक्षकांसाठी समुद्री जीवांची शाळा काढली, त्या पहिल्या बॅचला शॅटकबाई गेल्या. पन्नासच्या आसपास लोक, त्यात पंधरा-सोळा बायका. १८७३ साली! आणि हे सगळे लहान विद्यार्थी नव्हेत, शाळा-कॉलेजात शिकवणारी माणसं, सुट्टीत शिकायला आलेली. पुढच्या वर्षी, १८७४ ला, क्लॅपबाई गेल्या. पंचवीस वर्षांच्या. पण तोवर अगासी गेलेले, डिसेंबर १८७३ मध्ये. त्यामुळे ज्यांचं नाव इतकं मोठं त्यांच्यासमोर बसून शिकायचं पेनिकीजवर राहूनच गेलं, जे मिळालं ते शॅटकबाईंकडून आणि अगासींच्या मुलाच्या, अलेक्झांडरच्या, हाताखाली चाललेल्या वर्गातून. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चांगली शिकवण्याची पद्धत अशीच पसरते, माणसागणिक.

शुक्रवार

साउथ हॅडलीहून न्यू बेडफर्ड, दोन-अडीच तास ड्राइव्ह, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मोटेलमध्ये बुकिंग असून खोली तयार नव्हती आणि काउंटरवरच्या माणसाने तो आमचाच दोष असल्यासारखं तोंड केलं, असो.

मधल्या वेळात व्हेलिंग म्युझियम बघितलं. एके काळी हे गाव व्हेलच्या तेलावर जगात श्रीमंत होतं, आता स्कॅलप नावाच्या शिंपल्यांवर जगतं. वर टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि त्याच्या हाडांतून अजून तेल ठिबकतं. मरून इतकी वर्षं झाली तरी. खाली ते जमा करायला नळी लावलीये, तपकिरी, काकवीच्या रंगाचं. मी मान वर करून इतका वेळ बघत होते की मृण्मयीने येऊन विचारलं मान आखडली का. आमच्या रत्नागिरीत झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, दरवर्षी अकरावीची पोरं घेऊन जाते तिथे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच "बाई, हा खाल्ला कोणी?"

शनिवार

आजचा दिवस खरा. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरून कटिहंकला छोटी फेरी जाते, तासाभराचा प्रवास. पेनिकीजला सार्वजनिक बोट नाही, ते राज्याच्या ताब्यातलं पक्ष्यांचं बेट, म्हणून शेजारच्या कटिहंकवरून बघायचं असं ठरलेलं. फेरीत माणसांपेक्षा सामान जास्त, किराणा, पाण्याचे कॅन, एका बाईंची दोन गुलाबाची रोपं. बंदराच्या तोंडाशी वादळाच्या लाटा अडवायला १९६० च्या दशकात बांधलेली दगडांची प्रचंड भिंत आहे, तिच्या फटीतून बाहेर पडलं की बझर्ड्स बे. आणि लगेच धुकं. आपल्याकडे समुद्रावर जूनमध्ये असतो तो पाऊस, इथे धुकं, स्वेटर घालून डेकवर बसावं लागलं.

बोटीवर मृण्मयीने अगासींचा विषय काढला, तिने रात्री फोनवर वाचलं होतं. "मावशी, हा माणूस तर भयंकर होता." होता. हे टाळून पुढे जाता येत नाही. हिमयुगाची कल्पना लोकांच्या गळी उतरवणारा, माशांच्या जीवाश्मांवर डोंगराएवढं काम केलेला हा स्विस माणूस, डार्विनला शेवटपर्यंत मानलं नाही, आणि माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले असं ठासून सांगत राहिला. ते सिद्ध करायला १८५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या गुलाम माणसांचे कपडे उतरवून फोटो काढवले. त्या फोटोंवरून हार्वर्डशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं, २०२५ मध्ये हार्वर्डने ते फोटो आपल्या ताब्यातून सोडून द्यायचं कबूल केलं. मृण्मयीचं म्हणणं की मग त्याच्या शाळेचं बेट बघायला आपण का चाललोय. मी म्हटलं त्याचं बघायला नाही चाललो, तिथे जाऊन आलेल्या बायकांचं बघायला चाललोय. तिला ते फार पटलं असं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटवून देता येत नाही.

कटिहंकवर उतरलं तेव्हा धुकं विरायला लागलं होतं. गाड्या जवळपास नाहीतच, लोक गोल्फ कार्टमधून फिरतात. चढाच्या रस्त्याने टेकडीवर गेलो, वर दुसऱ्या महायुद्धातले पहाऱ्याचे काँक्रीटचे बंकर आहेत, आता तिथे बाकं टाकलीयेत. आणि उत्तरेला, मधे जेमतेम मैलभर पाणी, पेनिकीज. बसकं, गवताळ, झाडं जवळजवळ नाहीत. दुर्बिणीतून वर घिरट्या घालणारे कुररी पक्षी दिसत होते, जूनमध्ये त्यांची घरटी असतात तिथे.

या एवढ्याशा बेटावर काय काय झालंय. न्यूयॉर्कचा तंबाखूचा व्यापारी जॉन अँडरसन, त्याने हे बेट आणि वर ५०,००० डॉलर अगासींना शाळेसाठी दिले. जुलै १८७३ मध्ये लोक येऊन पोचले तेव्हा इमारती अर्धवट, म्हणून मेंढ्यांचा गोठा झाडून तिथेच वर्ग भरवला, वर आढ्याला पाकोळ्यांची घरटी, त्या तास चालू असताना आतबाहेर करायच्या. नियम एकच, पुस्तकं नकोत, निसर्ग अभ्यासा. सकाळी बोटीतून जाळी ओढायची, जे येईल ते जिवंत काचेच्या भांड्यात, आणि मग बघत बसायचं. डेव्हिड स्टार जॉर्डन तिथे होता, पुढे स्टॅनफर्डचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याला बायकोसुद्धा तिथेच भेटली, सुसान बोवेन, तीही माउंट होल्योकचीच. व्हिटमन होता. १८७४ नंतर पैसा आटला आणि शाळा बंद पडली, दोनच उन्हाळे. १९०५ ते १९२१ इथे कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल होतं, त्यांच्या कबरी आहेत. नंतर कधीतरी वाट चुकलेल्या मुलांसाठी शाळा. आता कुररी.

दोन उन्हाळे चाललेली शाळा एवढं काय करू शकते असं मला आधी वाटायचं. पण क्लॅपबाईंचं पुढचं बघा ना. परत येऊन माउंट होल्योकला प्राणिशास्त्र असं शिकवायला लागल्या की मुलींच्या हातात प्राणी असलाच पाहिजे. मग स्वतःला कमी पडतंय असं वाटलं की सरळ उठून शिकायला जायच्या. एमआयटीत जाऊन कोंबडीच्या अंड्यातला गर्भ शिकल्या, विल्यम्स कॉलेजात ई. बी. विल्सनकडे गांडूळ शिकल्या, सिरॅक्यूजहून पीएचडी केली आणि तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून १८९६ ला शिकागोहून दुसरी पीएचडी, तेव्हा वय सत्तेचाळीस. नोकरी चालू ठेवून, सुट्ट्यांमध्ये. आणि आम्हाला शिबिरांना पाठवतात तिथे सही करून चहा प्यायचा आणि दिवसभर स्लाइड बघायच्या, त्यात समुद्रावरच्या प्रकरणाला समुद्राचा फोटो. रत्नागिरीत! भाट्ये किनारा रिक्षाने दहा मिनिटांवर असताना.

बेटावर शाकाहारी मृण्मयीला चिप्सवर दिवस काढावा लागला, मी ताजी कालवं खाल्ली, लिंबू पिळून, कच्ची. मिऱ्याला बायका ओहोटीला खडकावर कोयतीने कालवं फोडतात त्याची चव वेगळी, पण हीसुद्धा वाईट नव्हती.

रविवार

केप कॉड कालव्यावरचा पूल ओलांडून वुड्स होल. पार्किंग म्हणजे इथे वैताग आहे, बेटांवर जाणाऱ्या मोठ्या फेरीच्या गाड्यांनी सगळं गाव भरलेलं. लांब गाडी लावून चालत आलो. गाव म्हणजे एक रस्ता, वॉटर स्ट्रीट, त्यावर मधोमध उघडणारा छोटा पूल, बोट ईल पाँडमध्ये जायची असली की पूल उभा राहतो आणि शास्त्रज्ञ, टुरिस्ट, डिलिव्हरी ट्रक सगळे गुपचूप थांबतात. तळ्यापलीकडे चर्चचा घंटामनोरा, त्यातल्या दोन घंटांची नावं मेंडेल आणि पाश्चर! असं दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. धक्क्याजवळ समुद्रावर पुस्तकं लिहिणाऱ्या रेचल कार्सनचा पुतळा, समुद्राकडे बघत बसलेली, ती १९२९ ला पहिल्यांदा इथे आली होती.

मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी, सगळे एमबीएल म्हणतात, जुलै १८८८ मध्ये सुरू झाली, पहिला संचालक तोच पेनिकीजवाला व्हिटमन. एक लाकडी इमारत, आणि समोर एका खताच्या कारखान्याचा वास, तो पुढच्या वर्षी बंद पडला म्हणून सुटले बिचारे. क्लॅपबाई पहिल्याच उन्हाळ्यात हजर. व्हिटमनने त्यांना टोडफिश नावाचा मासा दिला, याच्यावर काम करा म्हणून. त्यानंतर जवळजवळ दर उन्हाळा त्या इथेच, स्वतः काम करायच्या, विद्यार्थिनींना आणायच्या, बरीच वर्षं लायब्ररी सांभाळली, ट्रस्टी झाल्या.

पेनिकीजवरची ती "पुस्तकं नकोत, निसर्ग अभ्यासा" ची पाटी आता एमबीएलच्या लायब्ररीत लावलेली आहे. हो, लायब्ररीत. ती बघायची फार इच्छा होती पण रविवार, सगळं बंद. मृण्मयी म्हणाली, पाटीत लिहिलंय तेच कर की मावशी, आणि आम्ही पुलाजवळच्या धक्क्यावर गेलो.

तिथे दहा-बारा वर्षांचा एक मुलगा गळ टाकून बसला होता आणि त्याच्या गळाला, माझं नशीब म्हणा, टोडफिशच लागलेला. बाप ओरडत होता हात लावू नकोस, चावेल. वीतभर लांब, अंगाला खवले नाहीत, नुसती चिकट तपकिरी कातडी, तोंड शरीराच्या मानाने भलतंच रुंद आणि जबड्याभोवती मांसाच्या झालरी, दुपारच्या झोपेतून उठवलेल्या हेडमास्तरांसारखा चेहरा. आणि गुरगुरतो! पाण्याबाहेर, हातात धरल्यावर, स्पष्ट ऐकू येईल असा. हवेच्या पिशवीला चिकटलेले स्नायू थरथरवून आवाज काढतो, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतल्या सगळ्यात वेगवान स्नायूंपैकी ते. नर दगडाखाली बीळ करून गुणगुणत मादीला बोलावतो, ती येऊन छताला अंडी चिकटवून निघून जाते, पुढचे काही आठवडे राखण बापाकडे.

क्लॅपबाईंना हा मासा का मिळाला ते तिथे उभं राहून मृण्मयीला सांगितलं. अंडी मोठी, वाटाण्याएवढी, आणि दगडाला घट्ट चिकटलेली. म्हणजे एकच अंडं त्याच जागी, त्याच बाजूने रोज बघता येतं, चित्र काढता येतं. त्या काळात मोठा वाद होता, अंडं पहिल्यांदा दोनात विभागतं ती रेघ म्हणजेच पुढे होणाऱ्या जीवाची डावी-उजवी बाजू ठरवणारी मधली रेघ का? जर्मनीतला विल्हेल्म रू बेडकाच्या अंड्यांवरून हो म्हणत होता. बाईंनी टोडफिशची अंडी पहिल्या रेघेपासून गर्भ दिसेपर्यंत पाहिली आणि सांगितलं, यात असा काही ठरलेला संबंध नाही. १८९१ मध्ये छापलंय. मग त्याच माशाच्या अंगावरच्या संवेदनांच्या रेघांवर, लॅटरल लाइनवर, शिकागोचा प्रबंध केला. आपण अकरावीला लॅटरल लाइनची आकृती काढून दोन मार्क मिळवतो ती. १९०६ मध्ये देशातले महत्त्वाचे म्हणून जे दीडशे प्राणिशास्त्रज्ञ निवडले त्यात या होत्या. आणि त्यांचा मासा तर १९९८ मध्ये अंतराळात जाऊन आला, कानातला तोल सांभाळणारा भाग अभ्यासायला स्पेस शटलमधून नेला होता. हे ऐकून तो मुलगा माशाकडे जरा आदराने बघायला लागला आणि बापाने पक्कडीने गळ काढून मासा पाण्यात सोडला.

दुपारी ओहोटीला स्टोनी बीचवर गेलो. पाण्याच्या कडेला एक हॉर्सशू क्रॅब, घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा खेकडेवजा प्राणी, उलटा पडला होता, पाय हवेत हलवत. हे कोकणात मिळत नाहीत, आपल्या देशात ओडिशा-बंगालकडे सापडतात, त्यामुळे मी जिवंत कधी हातात घेतलेला नव्हता. शेपटीला धरायचं नाही, कवचाच्या दोन्ही कडांना धरायचं. उलट्या बाजूला पायांच्या जोड्या, आणि मागे वहीच्या पानांसारखी एकावर एक रचलेली कल्ल्यांची पानं, ती संथ उघडमीट करत होती. याचं रक्त निळं असतं, तांब्यामुळे, आणि जंतूंचं विष लागलं की लगेच गोठतं, हे फ्रेडरिक बँग यांनी इथेच १९५० च्या दशकात पाहिलं, त्यातूनच पुढे लसी आणि इंजेक्शनं तपासायची टेस्ट निघाली. मृण्मयी आधी लांब उभी होती, मग स्वतःच म्हणाली मी करते सरळ, आणि केला. सरळ झाल्यावर तो घाई न करता पाण्यात गेला, आम्ही बूट ओले करून मागे मागे.

परतताना कालव्यावरच्या पुलावर तासभर ट्रॅफिक, रविवार संध्याकाळ, अख्खं बॉस्टन घरी निघालेलं.

कोणाला जायचं असेल तर: कटिहंकच्या फेरीचं तिकीट आधी काढून ठेवा, जूनमध्येसुद्धा स्वेटर न्या, शाकाहारी असाल तर डबा न्याच. वुड्स होलला शनिवार-रविवार टाळा म्हणजे लायब्ररीची पाटी दिसायची शक्यता आहे, आणि निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून घ्या, भरतीला स्टोनी बीचवर बघण्यासारखं फार काही उरत नाही. मी मृण्मयीला ऑक्टोबरमध्ये परत पाठवणार आहे पाटीचा फोटो काढायला, ती हो म्हणालीये, बघू.